विद्याताईंवर चार ओळी पुरणार नाहीत

संपादक महोदय, नमस्कार.
३० जानेवारीला गांधीजींची पुण्यतिथी, त्यात स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि संपादक विद्या बाळ यांची आठवण राहूनच जाते, २०२० ला त्याच दिवशी त्या गेल्या. १९८२ ला नारी समता मंच ही संस्था काढली, १९८९ ला 'मिळून साऱ्याजणी' मासिक, एवढी माहिती सगळे छापतात. पण त्यांनी माणसं किती घडवली ते कोण लिहिणार? ज्या बायकांनी कधी हातात पेन धरलं नव्हतं त्या मासिकात स्वतःचं लिहायला लागल्या, आणि नुसत्या बायकाच नाही, पुरुषांशी पण बोललं पाहिजे म्हणून ताईंनी पुरुष संवाद केंद्र काढलं, हे मला फार मोठं वाटतं. ऐंशीच्या घरात असताना शनिशिंगणापूरच्या शनीच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नव्हते, त्या प्रश्नावर अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांच्यासोबत हायकोर्टात गेल्या. मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ पासून होता हो, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, फक्त वापरत कोणी नव्हतं! २०१६ ला कोर्टाने सरकारला तो पाळायला लावला.
त्यांच्या हाताखाली तयार झालेले कार्यकर्ते आज गावोगाव काम करतायत, त्यांना लिहायला सांगा, येत्या ३० जानेवारीला एक अख्खं पान द्या ही कळकळीची विनंती.
- एक जुनी वाचक