सायलेन्सर बदलला, पण पेट्रोलचा हिशेब?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोटारसायकलची ताकद वाढवण्याविषयी आपल्या वाहन पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात कामाचा क्रम असा दिला आहे: आधी मोकळा सायलेन्सर, मग जास्त हवा सोडणारा एअर फिल्टर आणि ‘गरज वाटल्यास’ इंधनाचे ट्यूनिंग. आमचा आक्षेप या ‘गरज वाटल्यास’ला आहे. फिल्टर आणि सायलेन्सर दोन्ही बदलून पेट्रोल तेवढेच ठेवले, तर गाडीचा आवाज नक्की वाढतो. ताकद वाढेलच असे नाही, आणि कधी कधी ती घटते.

आकडे मांडले की मुद्दा लगेच कळतो. २०० सीसीचे एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन ९००० आरपीएमवर (मिनिटाला ९००० फेऱ्या) दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला ४५०० वेळा हवा ओढते. दर वेळी सिलिंडर पूर्ण भरतो असे धरले, तर मिनिटाला ९०० लिटर हवा झाली. २५ अंश तापमानाला तिचे वजन सुमारे १०६० ग्रॅम भरते. पूर्ण थ्रॉटलला हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १३ ला १ हवे असेल, तर मिनिटाला साधारण ८२ ग्रॅम, म्हणजे ११० मिलिलिटर पेट्रोल लागते. नव्या फिल्टर-सायलेन्सरमुळे ६ टक्के हवा जास्त गेली आणि पेट्रोल तेच राहिले, तर १३ चे प्रमाण १३.८ होते. मिनिटाला फक्त सहा-सात मिलिलिटरचा हा फरक आहे, पण पूर्ण लोडवर तो महागात पडतो: ज्वलन जास्त गरम होते, नॉकिंगचा (मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके बसण्याचा) धोका वाढतो आणि पिकअपला गाडी अडखळते. कंपनीने मुळातच मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) ठेवले असेल तर एवढा बदल खपून जातो. ते तसे आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

‘फ्युएल इंजेक्शनची गाडी स्वतःच जुळवून घेते’ हे लेखातले विधान अर्धेच खरे आहे. बहुतेक मोटारसायकलींत आत जाणाऱ्या हवेचे वजन मोजणारा सेन्सर नसतो. थ्रॉटल किती उघडला आणि आरपीएम किती, यावरून ईसीयू (इंजिनचा संगणक) एका तक्त्यात बघते आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवते. हलक्या थ्रॉटलला त्यात इनटेकच्या दाबाचीही भर पडते. हा तक्ता कंपनीने मूळ एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) आणि मूळ सायलेन्सर लावून भरलेला असतो. बेंड पाइपवरचा (इंजिनच्या हेडमधून निघणाऱ्या पाइपवरचा) ऑक्सिजन सेन्सर चुका दुरुस्त करतो, पण तो नॅरोबँड असतो. मिश्रण १४.७ या पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच तो सांगतो आणि साधारण ०.४५ व्होल्टच्या आसपास इकडून तिकडे उडी मारतो. शिवाय त्याचे म्हणणे ईसीयू आयडलिंगला आणि संथ, एकसारख्या वेगातच ऐकते. थ्रॉटल जोरात उघडला की सेन्सर बाजूला राहतो आणि फक्त तक्ता चालतो. नेमकी जिथे ताकद हवी असते, तिथेच गाडी ‘स्वतः जुळवून’ घेत नाही.

याच कारणासाठी ‘प्लग लावा आणि ताकद वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर आमचा विश्वास नाही. यातल्या अनेक डब्यांत हवेच्या तापमान सेन्सरला जोडायचा एक रेझिस्टर असतो, दुसरे काही नाही. हवा आहे त्यापेक्षा थंड आहे असे ईसीयूला भासते आणि ती सरसकट थोडे पेट्रोल वाढवते. संथ वेगात ऑक्सिजन सेन्सर ही वाढ कापून टाकतो. उरलेल्या भागात, जिथे आधीच रिच होते तिथे ते आणखी रिच होते आणि जिथे खरोखर लीन (पेट्रोल कमी) होते तिथे पुरेसे मिळत नाही.

काम नीट करायचे तर सुरुवात नव्या पार्टपासून नव्हे, जुन्या गाडीपासून करावी. टॅपेट क्लिअरन्स, प्लग, कॉम्प्रेशन, स्वच्छ फिल्टर, चेनचा ताण हे आधी तपासा. इनटेक रबर चिरून गाडी ‘हवा घेत’ असेल, तर तिच्यावर केलेले ट्यूनिंग पाण्यात गेले. मग मूळ अवस्थेतच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) एक नोंद घ्या. पुढची नोंद त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आणि इंजिन तेवढेच गरम असताना घ्यायची. वेगवेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून ‘तीन बीएचपी वाढली’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

मिश्रण मोजायला वाइडबँड, म्हणजे नेमके प्रमाण सांगणारा सेन्सरच हवा. त्यासाठी बेंड पाइपवर एम१८ × १.५ आट्यांचे बंग (सेन्सर बसवायची कडी) वेल्ड करून घ्यावे लागते. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असावे आणि आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर झुकलेले असावे, म्हणजे थंड पाइपातले पाणी सेन्सरच्या टोकावर साचत नाही. सायलेन्सरच्या शेपटातून घेतलेले रीडिंग, विशेषतः आखूड पाइपवर, बाहेरची हवा मागे खेचली गेल्याने खोटे लीन दिसते. एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारी व्यवस्था गाडीत असेल, तर मोजताना तिची नळी तात्पुरती बंद करावी. नाहीतर तोच घोळ होतो. आणि आकडा एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या वजनी प्रमाणात) न वाचता लॅम्डामध्ये (ते प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण) वाचावा. शुद्ध पेट्रोलचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ असले, तरी १० टक्के इथेनॉल मिसळले की ते सुमारे १४.१ होते आणि २० टक्क्यांना सुमारे १३.५. पूर्ण ज्वलनाचा लॅम्डा मात्र सगळीकडे १ च राहतो. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.९० हे लक्ष्य योग्य. संथ वेगातला बंद-लूपचा (ऑक्सिजन सेन्सरचे ऐकण्याचा) भाग १ वर आहे तसाच सोडावा. कन्व्हर्टरही तिथेच नीट काम करतो.

पार्ट बसवताना होणाऱ्या चुका साध्या असतात आणि त्यांचे खापर ट्यूनिंगवर फुटते. बेंड पाइप काढला की हेडवरचे जुने, चेपलेले गॅस्केट परत वापरू नये. नवा पाइप आधी सगळीकडे सैल लावायचा, मग हेडकडचे नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे आणि सायलेन्सरचा ब्रॅकेट सर्वांत शेवटी. आधी ब्रॅकेट आवळला तर पाइप ताणला जातो, तोंड तिरके बसते आणि काही दिवसांत जोड गळू लागतो. एम६ नटला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावला तर स्टड तुटतो आणि हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारे मलम) लावा, टोकाला नाही, आणि सिलिकॉनचे कोणतेही सीलंट किंवा स्प्रे त्याच्या जवळ नको. सिलिकॉनने सेन्सर मरतो. स्टेनलेस पाइप पहिल्यांदा गरम करण्याआधी स्पिरिटने पुसून घ्यावा, नाहीतर बोटांचे ठसे कायमचे भाजले जातात.

जोड गळत असेल तर गंमत अशी होते: दाबाच्या लाटांमध्ये पाइप बाहेरची हवा आत ओढतो, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू गाडी लीन समजून पेट्रोल वाढवते, आणि प्लग काळा पडतो. अशा गाडीवर मॅप (ईसीयूमधला तो तक्ता) बदलणे म्हणजे आजार रेड्याला, औषध पखालीला. थ्रॉटल सोडल्यावर पाइपात जे फटाके फुटतात, त्यांचेही पहिले कारण पुष्कळदा हेच निघते. थ्रॉटल बंद असताना ज्वलन अर्धवट होते, न जळलेले मिश्रण गरम पाइपात जाते आणि गळक्या जोडातून ताजी हवा मिळाली की तिथे पेटते. जोडाभोवती काजळीचा काळा ओघळ दिसतो का पाहा. थंड इंजिन सुरू करून शेपटाशी जाड फडके क्षणभर दाबून धरले, तर गळक्या जोडातून फुसफुस ऐकू येते. जोड घट्ट असेल तरच कार्बोरेटरच्या पायलटच्या (कमी थ्रॉटलच्या) भागाकडे किंवा मॅपमधल्या फ्युएल कटकडे (थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल तोडण्याकडे) वळावे.

कार्बोरेटरच्या गाड्यांना लेखात एकच वाक्य मिळाले आहे: ‘मोठा जेट टाका’. जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे छिद्र. पण कोणता? पाव थ्रॉटलपर्यंत मुख्यतः पायलट जेट, पावपासून पाऊणपर्यंत सुई आणि त्यापुढे मेन जेट. थ्रॉटलच्या मुठीवर टेपने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून ठेवल्या, की तक्रार नेमकी कुठे आहे ते कळते. सुरुवात मेन जेटपासून करावी, कारण त्याचा परिणाम सुईच्या भागातही उतरतो. वाहतूक नसलेल्या बंद ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल देऊन तो थोडासाच मागे घ्या. गाडी उचल घेतल्यासारखी वाटली तर मेन जेट लहान आहे. जड वाटत असलेली गाडी मोकळी झाली नाही आणि धूर काळा असेल तर मोठा आहे. जेट एकेका पायरीनेच बदला. केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटर कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, तेव्हा ११० च्या जागी ११० म्हणून दुसऱ्या कंपनीचा जेट ठोकू नये. सुईची क्लिप एक खाच खाली नेली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते; हे उलटे समजून बिघडवलेल्या गाड्या फार. पायलटचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की लीन. आत फिरवताना टेकला की थांबा, दाबू नका. टोक आणि सीट दोन्ही खराब होतात.

एअरबॉक्स काढून थेट कार्बोरेटरला पॉड फिल्टर लावण्याची फॅशन तर व्हॅक्युमवर स्लाइड उचलणाऱ्या कार्बोरेटरवर सपशेल फसते. त्या स्लाइडची चाल एअरबॉक्समधल्या शांत हवेवर ठरवलेली असते. एअरबॉक्सचे आकारमान आणि त्याच्या सोंडेची लांबी ठरावीक आरपीएमला हवेची लाट मदतीला यावी अशी जुळवलेली असते, म्हणून तो काढला की मधला टॉर्क सहसा खाली येतो. वर इंजिनशेजारचा पॉड गरम हवा ओढतो. दर ३ अंशांना हवा सुमारे १ टक्का विरळ होते. ३० अंश जास्त गरम हवा घेतली, तर जवळजवळ १० टक्के हवा तिथेच गेली. आमच्या मते रस्त्यावरच्या गाडीला मूळ एअरबॉक्समध्ये बसणारा चांगला फिल्टर पुरे. तो तेलाचा असेल तर तेल सगळीकडे सारखे आणि बेताने लावा. कोरडी जागा राहिली तर धूळ थेट रिंगांपर्यंत जाते.

मोठ्या व्यासाच्या पाइपबद्दलही गैरसमज फार आहे. ‘बॅकप्रेशर (पाइपातला उलटा दाब) हवे’ हे खरे नाही. लागतो तो वायूंचा वेग आणि योग्य क्षणी परतणारी दाबाची लाट. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की खालच्या आरपीएमला वेग पडतो आणि शहरात गाडी मरगळते. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज कमी करणारा तुकडा) काढला की तीच गोष्ट: लागणारा मॅप बदलतो आणि शेजारी जागे होतात. ट्यूनिंग तो बसवूनच करा, म्हणजे काढण्याचा मोह राहणार नाही.

मॅप फ्लॅश करण्यापूर्वी (ईसीयूत नव्याने भरण्यापूर्वी) मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवावी आणि फ्लॅशिंगच्या वेळी बॅटरीला चार्जर लावावा. अर्ध्यात व्होल्टेज पडले तर ईसीयू बंद पडू शकते. नव्या मॅपमध्ये इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो तेही पाहा. ९००० आरपीएमला दोन फेऱ्यांना १३.३ मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यातले ११.३ पेक्षा जास्त उघडा राहत असेल, तर तो ८५ टक्क्यांच्या पुढे गेला. मग मोठा इंजेक्टर किंवा पुरेशा दाबाचा पंप लागेल, मॅपमध्ये आकडे वाढवून भागणार नाही.

पुढच्या वेळी असा लेख छापताना बीएचपीच्या आलेखाखाली लॅम्डाचा आलेखही छापावा, ही विनंती. मूळ गाडीचा आणि बदललेल्या गाडीचा, दोन्ही एकाच कागदावर.

आपले,
इंजिन ट्यूनिंगचे काम करणारे काही वाचक