दिल्यास, आण्णाच्या धोतरावरून

दिल्या,

तब्येती बऱ्या आहेत. आण्णाची शुगर वर-खाली, तुझ्या वहिनीची कंबर, माझं बीपी गोळीवर, झालं. आता मेन गोष्ट. फोनवर बोलायला गेलो तर तू मधेच हसवशील अन् विषय तिथंच राहील, म्हणून टाइप करायलो. पुण्याकडं एका क्लबात आण्णाला डायनिंग हॉलमध्ये बसू दिलं नाही. धोतर नेसलंय म्हणून.

वाचून तुला काय आठवलं असेल ते मला माहितंय. म्हणूनच तुला लिहायलो, दुसऱ्या कुणाला नाही.

माझ्या मुक्तीचं लग्न ठरायलंय हे तुला सांगितलंच होतं. पोरगा तिच्याच ऑफिसातला, हिंजवडीला. दिवाळी झाल्यावर त्याच्या वडिलांचा फोन आला की आमच्या क्लबला या, सकाळी थोडं गोल्फ खेळू, दुपारी तिथंच जेवू, निवांत बोलणं होईल. इथं एक जण म्हणाला आण्णाला कशाला नेता एवढ्या लांब (कोण ते ओळख, तोच, पंगतीत दुसऱ्याच्या पानातली जिलेबी मोजणारा). पण नातीचं ठरायलंय अन् आजोबा घरी, असं कसं चालंल? आण्णा तर आदल्या रात्रीपासून तयार. नवं धोतर, नेहरू शर्ट, टोपी, कोऱ्या वहाणा.

आता गोल्फचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझी अडचण तुला कळायची नाही. मला तो खेळ लई आवडला. टीव्हीवर बघून वाटतं म्हाताऱ्यांचा टाइमपास आहे, पण तिथं उभं राहिलं की कळतं. चेंडू ४६ ग्रॅमचाही पुरता नाही, होल सव्वाचार इंचाचं, अन् ते चार-चारशे मीटर लांब कुठंतरी एका झेंड्याखाली, दिसतसुद्धा नाही. असे १८ होल. पूर्ण खेळायला चार-पाच तास लागतात, आम्ही नऊच खेळलो. पाहुण्यांनी माझ्या हातात सेव्हन आयर्न नावाची स्टिक दिली, जोर लावू नका, मान वर करू नका म्हणाले, अन् एक शॉट असा बसला की स्टिकांची पिशवी उचलणाऱ्या कॅडीनं टाळी वाजवली. तू असतास तर म्हणला असतास की चुकून लागला. नव्हता चुकून.

दोन गोष्टी मनात बसल्या. एक म्हणजे हँडिकॅप. ह्या खेळात ज्याचे शॉट कमी तो जिंकला. कच्चा खेळणारा अन् पक्का खेळणारा एकत्र खेळू शकावेत म्हणून कच्च्याला तेवढे शॉट सोडून देतात. ज्याचा हँडिकॅप १८, त्याच्या एकूण शॉटमधून १८ वजा. दुसरं म्हणजे बरोबर फिरणारा अंपायर नसतो. आपला स्कोअर आपण सांगायचा, आपली चूक आपणच कबूल करायची. एका होलला पाहुण्यांचा चेंडू उंच गवतात गेला, हे शॉट मारायला वाकले अन् स्टिकचा धक्का लागून चेंडू जरासा हलला. कॅडी पलीकडं, मी लांब, कुणी बघितलं नाही. हा माणूस स्वतःहून म्हणाला, "माझा एक वाढला." अन् लिहिला कार्डावर. मी मनात म्हणलं, मुक्तीला घर चांगलं मिळायलंय.

आण्णा आमच्या मागं मागं चालत होते. तिथं चप्पल चालत नाही, तर कॅडीमास्तरनं त्यांना कॅनव्हासचे बूट दिले, ते घालून. त्यांचं लक्ष खेळात नव्हतं, जमिनीत होतं. एका ठिकाणी खाली बसले, गवत उपटून बघितलं अन् कॅडीला म्हणाले, "आरं, ही तर हरळी हाय." तो म्हणला, बाबा, हे बर्मुडा ग्रास आहे. आण्णा कुठं ऐकतेत, त्याला मुळी दाखवली, पेरं दाखवलं. मी घरी येऊन बघितलं, आण्णा बरोबर आहेत, बर्मुडा म्हणजे आपली हरळीच, दुर्वा. तुला आठवतंय ना, वरच्या तुकड्यातली हरळी काढता काढता आण्णाचा उन्हाळा जायचा, नांगराच्या मागं आपण दोघं मुळ्या वेचायचो अन् बांधावर ढीग जाळायचो? अन् इथं तिलाच खतपाणी घालून, रोज कापून ठेवलेली. आण्णाला राग आला नाही, उलट गंमत वाटली. मग स्प्रिंकलर बघून विचारलं, पाणी कुठलं? मला धास्ती वाटली, कारण २०१६ च्या दुष्काळात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तिथले आपण. कॅडी म्हणला सोसायट्यांचं सांडपाणी शुद्ध करून येतं. आण्णा म्हणले, "मग चांगलं केलंय." पुढं दोन होल ते त्या पोराला काळ्या रानाचं अन् पाण्याच्या पाळीचं सांगत होते.

मग जेवण. मी हात-पाय धुवायला गेलो होतो. परत येतो तर आण्णा व्हरांड्यातल्या बाकावर, मुक्ती शेजारी, तिचं तोंड लाल. दारावरचा माणूस बिचारा नम्रपणे म्हणला होता की सर, आत कॉलरचा शर्ट, फुल पँट अन् बूट लागतात, बाबांना इथं व्हरांड्यात सर्व्ह करू. त्याचा काय दोष, तो नोकर माणूस. पण पाहुणे काय म्हणले माहितंय? "रूल आहे हो. व्हरांड्यात हवा पण छान आहे." एवढं बोलून आत गेले, टेबल बुक होतं म्हणून. वाद नाही, मॅनेजरला बोलावणं नाही, की आपण सगळेच बाहेर बसू असं नाही.

पोरगा मात्र बाहेर आला. बूट काढले अन् आण्णाच्या शेजारी बाकावर मांडी घालून बसला. तुझ्या वहिनीनं गाडीतून धपाटे अन् शेंगाची चटणी आणली, रस्त्याला म्हणून बांधलेली, ती आम्ही सगळ्यांनी तिथंच खाल्ली. आण्णानी त्या कॅडीला हाक मारून त्याच्या हातावर पण दोन ठेवले. आतनं सूप आलं, फिश आलं, कॅरॅमल कस्टर्ड आलं, मी कशाला हात लावला नाही. अन् बिल द्यायला गेलो तर म्हणे गेस्टचे पैसे घेत नाहीत, मेंबरच्या कार्डावर सही होते. ते लई लागलं मला. ज्या जेवणाला माझा बाप चालला नाही त्याचे उपकार डोक्यावर घेऊन निघालो.

परत येताना टेंभुर्णीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग मुक्तीनं सुरू केलं. मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं हुसेनसारख्या चित्रकाराला अनवाणी आला म्हणून बाहेर काढलं होतं. चेन्नईत २०१४ ला हायकोर्टाच्या एका जजला वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून क्रिकेटच्या क्लबात घेतलं नाही, तर तिथल्या विधानसभेनं त्याच वर्षी कायदाच केला की आपल्या पोशाखावरून कुणाला अडवायचं नाही. आण्णानी सगळं ऐकलं अन् म्हणले, "पोरगा चांगला हाय. बापाचं बघू." वाटलं, मिटलं.

मिटलं नाही, दिल्या. परवा आण्णा तुझ्या वहिनीला हळूच विचारत होते, "साखरपुड्याला मला एक पँट शिवून घ्यावी का?" ऐंशीच्या पुढचा माणूस. पंचायत समितीच्या साहेबापुढं धोतरात खुर्ची ओढून बसणारा. मी शेजारच्या खोलीत होतो, तेव्हापासून नीट झोप नाही.

कारण पाहुण्यांना साखरपुडा त्याच क्लबच्या लॉनवर करायचाय. मेंबरला सवलतीत मिळतं म्हणे, अन् लॉनवर ड्रेस कोड नसतो हे त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं, मोठ्या आपुलकीनं. म्हणजे त्यांना झालं ते कळलंय तरी, अन् नाही तरी. मुक्ती म्हणते क्लबात नको पण लग्न ह्याच पोराशी. तुझी वहिनी म्हणते पोराकडं बघा, बापाशी संसार करायचाय का तिला. मला तो माणूस कळंना. कुणी बघत नसताना एक शॉट स्वतःच्या अंगावर लावून घेणारा, अन् सगळे बघत असताना दारात गप्प. ह्यातला खरा कोणता?

हे तूच सांगू शकतोस. चिडू नको, पण मला आज ते काढावंच लागायलंय. औरंगाबादला हॉस्टेलवर आण्णा गूळ-शेंगांची पिशवी घेऊन एसटीनं आलते अन् तू रूमवरच्या पोरांना सांगितलंस की गावाकडचे कुणीतरी आहेत. अकरावी-बारावीला दोन वर्षं ज्यांच्या ताटात जेवलास, ते "कुणीतरी". आपण स्टँडवर मारामारी केली, माझा शर्ट फाटला, तुझा चष्मा फुटला (चष्म्याचे पैसे तू अजून मागतोस, देणार नाही). वर्षभर बोललो नाही. मग येळवसला, वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, तू आपला आपण आलास. आण्णानी काही विचारलं नाही, कडब्याच्या कोपीपुढं पान मांडलं, भज्जी वाढली, आंबिलीचा तांब्या पुढं केला. अन् तू जेवता जेवता रडायला लागलास.

तेव्हा काय चाललं होतं तुझ्या डोक्यात, हॉस्टेलच्या त्या दारात? लाज होती, भीती होती, की नुसतं सुचलं नाही? मी कधी विचारलं नाही, आज विचारतो. तू वाईट माणूस नव्हतास हे मला तेव्हाही माहीत होतं. तसं ह्यांचं असेल का? की काही जणांचं तसंच राहतं?

मी एक केलंय. पाहुण्यांना सहकुटुंब ह्या येळवसला शेतात जेवायला बोलावलंय. हो म्हणलेत. साखरपुड्याचं उत्तर तेव्हा देतो म्हणलोय. तू येच. मी बोलायला लागलो की आवाज चढतो, तुला ठाऊक आहे. तू त्यांच्याशेजारी बस अन् तुझी गोष्ट तुझ्या तोंडानं सांग. माझ्या बोलण्यापेक्षा ती त्यांना लवकर कळंल.

नागपूरची बदली रद्द झाली का? धाकट्याची नीटची तयारी कशी चालू, लातूरलाच ठेव म्हणलं होतं तुला, जेवायला आपलं घर आहे. गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नको. वहिनीला नमस्कार सांग, अन् येळवसला तिला पण आण, मागच्या वेळी एकटाच आलास म्हणून आण्णा अजून बोलतेत.

सुट्टी आजच टाक. आण्णाला मी काही सांगितलेलं नाही, तू पण फोनवर काढू नको. अन् येताना त्यांच्यासाठी तिकडनं चांगली धोतरजोडी बघ, पैसे मी देतो.

तुझाच,
बाळ्या