रविवारी हातपेटीची शिवण: येण्याआधी वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यातल्या आपल्या नेहमीच्या खोलीत जुन्या धाटणीच्या हातपेटीची (हातात धरून न्यायच्या चामडी पेटीची) शिवण सुरू करतोय. ज्यांची चामड्याची कापणी राहिली आहे त्यांनी ती शनिवारपर्यंत घरीच उरकावी. मागच्या वेळी अर्धा दिवस पुठ्ठ्याचे फर्मे आखण्यातच गेला.

चामडं ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेला लागतं त्या जातीचं. धारावीत क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) मऊ चामडं सहज मिळतं, पण ते भिजवून साच्यावर बसवलं तरी आकार धरत नाही, कडाही घासून चकाकत नाहीत. एकाने ते आणलं होतं (नाव कशाला लपवू, मीच तो). पेटीचे कोपरे उशीसारखे झाले.

सोबत रापी (चामडं कापायचं पातं), आरी (भोकं पाडायचा टोच्या), दोन बोथट सुया आणि मेण लावलेला दोरा आणा. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्या. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही जातात. म्हणून एखादा टाका तुटला तरी शेजारचा लगेच उसवत नाही.

बकल, कड्या पितळीच. ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो, तो सहजी निघत नाही.

पाऊस आहे, तरी चामडं प्लॅस्टिकमध्ये कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. जुन्या चादरीत गुंडाळा, पिशवी फक्त वाटेपुरती. आरी नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, जास्तीच्या दोनच आहेत.