पाइप ऑर्गन म्हणजे मोठी हार्मोनियम नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चर्चमधल्या पाइप ऑर्गनला 'मोठी हार्मोनियम' म्हटलंय, वाचून राहवेना म्हणून लिहितोय. मी 30 वर्षं शहापुरात पेट्या दुरुस्त करतो, आणि मागच्या उन्हाळ्यात लेकीकडं जर्मनीला गेलो तेव्हा तिच्या गावच्या चर्चमधला हातानं बनवलेला ऑर्गन आतून बघून आलोय.

पेटीत पितळी सूर, म्हणजे पितळेची बारीक जीभ, थरथरतो. ऑर्गनच्या बहुतेक पाइपात तसं काही नसतं बघा, ते बासरीचं काम आहे, हवा पाइपच्या ओठावर आपटते आणि आतली हवाच वाजायला लागते. खर्जाचा पाइप आठ फुटी, सगळ्यात वरचा पेन्सिलएवढा. काही लाकडी, बाकीचे कथील आणि शिसं एकत्र ओतून केलेल्या पत्र्याचे, वळवून डाख दिलेले. भाता आता मोटरवर भरतो, पण पट्टीपासून पाइपखालच्या झडपेपर्यंत लाकडाच्या बारीक पट्ट्यांचीच जोडणी, त्यात वायर नाही की सर्किट नाही.

त्या दिवशी ट्यूनिंगवाला आला होता. लेकीनं सांगितलं आमचे बाबा पेटीवाले आहेत, तर त्यानं मला पट्ट्या दाबायलाच बसवलं. पट्टी आधी जरा अडते आणि मग हरभऱ्याचा घाटा फुटावा तशी सुटते, झडप उघडली ते थेट बोटाला कळतं. तो आत शिरून बारक्या पाइपांच्या वरच्या तोंडावर पितळी शंकूनं टकटक करायचा, तोंड रुंदावलं की सूर चढतो, आवळलं की उतरतो. आम्ही पेटीतला पितळी सूर कानशीनं घासतो, टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. पाइपला हात लागला तर उबेनंच सूर चढतो म्हणून तो निवेपर्यंत थांबायचा. भाषा येत नव्हती, पण 'नेक्स्ट' म्हटलं की पुढची पट्टी, असे दोन तास गेले, आयुष्यात विसरणार नाही.

2017 मध्ये युनेस्कोनं जर्मनीतली ऑर्गन बनवायची कला आणि त्याचं संगीत वारसा यादीत घेतलं. आणि आपल्याकडं? पं. रामभाऊ विजापुरे (1917-2010) ज्या बेळगावात पेटी शिकवत होते तिथंच एका मंडळानं कीबोर्ड आणला आणि जुनी पायपेटी भंगारवाल्याला दिली. गाडीवरून मी उतरवून घेतली. भाता फाटलेला, नऊ सूर गेलेले, बाकी पेटी ठणठणीत!

भात्याला नवं कातडं लावून झालंय, सूर बसवायचे राहिलेत. देऊळ असो की चर्च, वाद्य टाकायच्या आधी दुरुस्तीवाल्याला एकदा हाक मारा एवढंच सगळ्यांना सांगणं आहे, आणि पुरवणीत ऑर्गनवर परत एकदा नीट छापा ही विनंती, आतले फोटो माझ्याकडं आहेत, हवे तर आणून देतो.

आपला,
एक पेटी दुरुस्तीवाला, शहापूर, बेळगाव