आधी चढायला शिक

प्रिय सुहास,

चुनखडीच्या गुहेत दोर टाकून उतरायचं ठरवलंयस हे वाचून आनंद झाला, आणि ‘रॅपलिंग येतंच की मला’ हे वाचून तेवढीच काळजी वाटली. कड्यावरून रॅपल करून खाली पोचलास की पुढे पायवाट असते. गुहेत त्याच दोरावरून वर यायचं असतं, तेही भिजून, दमून. म्हणून आधी जुमारिंग, म्हणजे दोराला पकडणाऱ्या क्लॅम्पने दोरावरून वर चढणं, पक्कं कर. शिवाय अधांतरी लटकलेला असताना उतरणं थांबवून चढणं सुरू करायला शिक. खाली पाणी दिसलं तर तेवढाच मार्ग उरतो. हा सराव जमिनीपासून हातभर उंचीवरच कर.

दुसरी गोष्ट खडकाची. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेलं पावसाचं पाणी भेगांमधून चुनखडी विरघळवत जातं. ही विवरं त्यानेच कोरलेली. पण त्याच पाण्याने खडकाला धारही काढलेली असते. वजन घेतलेला दोर तिच्यावर घासत राहिला तर कापला जातो. म्हणून घासण्याची जागा आली की तिथे नवा अँकर (खडकात पक्का बसवलेला आधार) मारून दोर पुन्हा बांधतात. याला रिबिले म्हणतात. तिथे पोचलास की आखूड लॅनयार्ड (कमरेच्या पट्ट्याला जोडलेला दोराचा तुकडा) अँकरला अडकव, वजन त्यावर घे, डिसेंडर (दोरावरून उतरायचं उपकरण) खालच्या दोरावर लाव, लॉक कर, वजन टाकून बघ आणि मगच लॅनयार्ड सोड. मागचा कितीही ओरडू दे.

दोर स्टॅटिकच, म्हणजे फारसा न ताणणारा, घे, आणि त्याच्या शेवटाला गाठ हवीच. दिवे तीन. पावसाचा अंदाज असेल तर बेत रद्द, आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार हे वर कुणाला तरी सांगून जा. मदत सहज मिळेल या भ्रमात राहू नकोस: जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत जून 2014 मध्ये सुमारे 1000 मीटर खोलीवर एका मुरलेल्या गुहासंशोधकाच्या डोक्यात दगड पडला. तो 11 दिवसांनी बाहेर आला, आणि त्यासाठी 700 हून जास्त माणसं राबली.

डिसेंडर कोणता घेतलास ते कळव. हँडल सोडलं की आपोआप थांबणारा असेल तर त्याच्यावर फार विसंबू नकोस. घाबरलेला माणूस हँडल सोडत नाही, उलट घट्ट दाबतो. खालचा दोर धरलेला हात काही झालं तरी सुटता कामा नये.

तुझा,
विनय