आजोबांची होडी दुरुस्त करायची की नाही?

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचं म्हणणं होडी विकून टाकावी, बाबांचं म्हणणं दुरुस्त करावी. दोघांनाही माझी एकच विनंती आहे: लाकूड तपासून होईपर्यंत इंजिनावर एक रुपयाही घालू नका. इंजिन विकत मिळतं. पठाण (तळाचा कणा असलेला लांब ओंडका) आणि आतले वाक (फळ्या ज्यांवर ठोकतात त्या बरगड्या) कुजून गेले असतील, तर दुरुस्ती म्हणजे नवी होडी बांधणंच. मेकॅनिकने इंजिन सुरू करून दाखवलं की मन भुलतं, म्हणून ते शेवटी.

बाबा, तुम्ही स्वतः होडीखाली शिरू नका. आधी दोन्ही बाजूंना जादा टेकू आणि वाळूच्या गोणी लावून घ्या, आणि खाली एखाद्या जाणत्या सुताराला पाठवा. तोवर रंगाचा हात कुणालाही मारू देऊ नका, रंगाखाली सगळं झाकलं जातं.

पहिली तपासणी दोरीची. पठाणाच्या खालच्या कडेला पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा. वर्षानुवर्षं मधल्याच ठोकळ्यांवर उभी असलेली होडी दोन्ही टोकांना खाली वाकते आणि मध्ये कमान येते. अठ्ठावीस फुटी होडीत दोरी आणि पठाण यांत बोटभर फरक चालेल. तीन-चार इंच असेल, तर माझ्या मते तिथेच थांबावं. ती कमान जॅक लावून सरळ होत नाही, उलट फळ्यांचे सांधे फुटतात.

मग लाकूड. हलक्या हातोडीने ठोकत जायचं: चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. शंका येईल तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर दाबायचा, पाव इंचाहून जास्त सहज शिरला तर ते लाकूड गेलं. पठाणाला लागून असलेली फळी, वाकांची खालची टोकं, मागच्या आडव्या फळीचे कोपरे आणि इंजिनाखालचे ओंडके, एवढ्या जागा अजिबात सोडू नका. शाकारलेल्या होडीतही वरच्या माडाच्या झापांतून पावसाचं पाणी शिरतं, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हे गोडं पाणीच घातक. मीठ बुरशीला आवरतं. गोड्या पाण्यात, वारा नसलेल्या कोपऱ्यात, ती फोफावते. दोन-चार वाक आणि थोड्या फळ्या बदलाव्या लागल्या तर काम करण्याजोगं आहे. निम्मे वाक गेले असतील तर नाही.

खिळेही पाहा. वेगवेगळ्या जागचे पाच-सहा उपटून बघायला सांगा. डोकं शाबूत आणि मधला भाग गंजून निम्मा, असं बऱ्याचदा निघतं. तसं असेल तर सगळी होडी नव्याने ठोकावी लागेल, तीही जुन्या भोकांत नव्हे, शेजारी.

‘वरून फायबर मारून देतो’ असं कुणी म्हणेलच. ऐकू नका. ओल्या लाकडावर फायबर धरत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर तसं हलत नाही; मग मध्ये फट पडते, पाणी अडकतं आणि आतून कूज वाढते.

सुकलेल्या फळ्यांच्या फटी पाहून मात्र घाबरू नका. त्यांत आत्ता कापूस ठासून भरला, तर पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतील आणि वाकांवर ताण येईल. आठवडाभर आत ओली गोणपाटं अंथरून खारं पाणी शिंपडत राहायचं, मग कापूस बेताने भरायचा. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस होडी पाणी घेणारच. पंप आणि राखणीला माणूस हवा.

हे सगळं पार पडलं तरच इंजिन. बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारायचा नाही. आधी तेलाची काडी पाहा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं दोन-तीन चमचे घाला, दोन दिवस थांबा, मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर टाकीतलं जुनं डिझेल आणि तळाचा गाळ काढून टाकायचा, फिल्टर आणि पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर नवा घालून, डिझेलच्या नळीतली हवा काढूनच सुरू करायचं. होडी पुढे ढकलणारा पितळी पंखा कानशीने जरा घासून पाहा: पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त गेलं आहे, तो पंखा पाण्यात मोडेल.

आई, ट्रंकेत होडीच्या नोंदणीचे कागद असतील, ते तू शोधून ठेव. मासेमारीची नोंद असेल तर मत्स्यव्यवसाय विभागात जावं लागेल, नाहीतर मेरिटाइम बोर्डात. नाव आजोबांचंच असेल, तेव्हा त्यांचा मृत्यूचा दाखला आणि आत्याची संमतीही लागेल. तिला आधीच विचारा, होडीवर तिचाही तेवढाच जीव आहे.

लाकूड निकामी निघालं तर इंजिन, शाफ्ट आणि पंखा वेगळे विकता येतील. पण सुकाणू विकू नका, ते मला हवं आहे. दोरीचं माप आणि उपटलेल्या खिळ्यांचे फोटो पाठवा, मग पुढचं बोलू.

तुमची,
धाकटी