व्हायलवरचं लेबल वाचायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नागपूरच्या उन्हाला मी उगीच बदनाम केलं. मे महिन्यात घ्रेलिन या पेप्टाइडचं (छोट्या प्रथिनाचं) पार्सल आलं तेव्हा आतला बर्फ पार वितळला होता. पुढचे तीन आठवडे मी भेटेल त्याला सांगत सुटले, "पेप्टाइड उन्हानं गेलं!"

भुकेच्या या हार्मोनला पेशीवरचा कोणता रिसेप्टर (हार्मोन ओळखणारं प्रथिन) ओ देतो, एवढंच मला प्रोजेक्टमध्ये दाखवायचं होतं. एका प्लेटमध्ये रिसेप्टरचं जनुक घातलेल्या पेशी, दुसरीत कोऱ्या. पेशीतलं कॅल्शियम वाढलं की चमकणारा डाय दोन्हींत. घ्रेलिन टाकलं, दोन्ही ढिम्म. या पेशींत एरवीही कॅल्शियम वाढवणारं एटीपी टाकलं की दोन्ही लख्ख. म्हणजे पेशी जिवंत, डायही ठीक. मग रिसेप्टरच नीट आला नसेल म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा ढिम्म.

तुम्ही आमच्या विभागातल्याही नाही, सेंट्रिफ्यूज मागायला आला होतात. माझा चेहरा पाहून म्हणालात, "काय करून राहिली गं? व्हायल दाखव आधी." लेबलवर बर्फाची साय धरली होती. ती तुम्ही ओढणीच्या टोकानं पुसली आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. डेस-ऑक्टॅनॉइल! कॅटलॉगमध्ये दोन घ्रेलिन होती, मी स्वस्तातलं मागवलं होतं. २८ अमिनो आम्लांची साखळी तीच, पण तिसऱ्या जागेवरच्या सेरीनला आठ कार्बनांची शेपटी नाही. तिच्याशिवाय हा रिसेप्टर दाद देत नाही.

तुम्ही हसला नाहीत. उलट सांगितलंत की हा रिसेप्टर १९९६ मध्ये सापडला, तेव्हा त्याचा हार्मोन कुणालाच ठाऊक नव्हता. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी तो शोधला, तोही उंदराच्या जठरात. आणि त्यांनी शुद्ध केलेला रेणू अमिनो आम्लांच्या हिशेबापेक्षा १२६ डाल्टननं (रेणूच्या वजनाचं एकक) जड भरला. तीच ती शेपटी! "त्यांना कोड्यात पाडलं त्यानं, तू तर एमएस्सीची पोरगी," असं म्हणून तुमच्या फ्रीजरमधलं थोडं खरं घ्रेलिन आणून दिलंत.

त्याच संध्याकाळी रिसेप्टरवाली प्लेट उजळली, कोरी शांत राहिली. मी स्क्रीनचा फोटो पाठवला. शाबासकी येईल वाटलं होतं. उत्तर आलं, "अँटॅगनिस्ट घालून बघितलं का?" नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी आधी अँटॅगनिस्ट, म्हणजे रिसेप्टर अडवून धरणारा रेणू, मग घ्रेलिन. चमक आली नाही, आणि मी आनंदानं खुर्चीतून उठलेच.

मनापासून आभार, ताई. आणि हो, त्या गडबडीत तुम्ही सेंट्रिफ्यूज न वापरताच गेलात. शुक्रवारी दुपारी ते रिकामं आहे. नाव लिहून ठेवलंय तुमचं.